एवढी एक जाहिरात नीट वाच

अगं, तुझ्या संशोधनाचं प्रपोजल काल रात्री वाचलं, उशीर झाला, घरी पाहुणे होते. खरं सांगू? "माध्यमे आणि बहुसांस्कृतिक समाज" हे शीर्षक बघूनच जांभई आली मला. एवढ्या मोठ्या छत्रीखाली काहीही खपतं, ओटीटी पण, बातम्या पण, मीम्स पण, आणि शेवटी हाताला काहीच लागत नाही. त्यापेक्षा तू शिकायला इंग्लंडमधल्या लेस्टरला चाललीयस ना, मग त्याच गावाची एक जाहिरात घे. एकच. आणि तिच्यावरच ठाण मांड.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. त्यात गुजराती खूप, बऱ्याच जणांकडे ब्रिटिश पासपोर्ट. तर सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या सिटी कौन्सिलनं तिकडच्या 'युगांडा आर्गस' या इंग्रजी पेपरात जाहिरात दिली की बाबांनो, घरांसाठी हजारो कुटुंबं वेटिंग लिस्टवर आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा नाहीये, आरोग्यसेवेवर आधीच ताण आहे, पूर्वी आलेल्यांच्या वेळची परिस्थिती आता राहिली नाही, तेव्हा तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका.

आता परत वाच. रंगाबद्दल एक अक्षर नाही. "तुम्ही आम्हाला नकोत" असंही कुठे नाही, उलट "तुमच्याच हितासाठी". काळजीच्या सुरात दार लावून घेतलंय. आपल्याकडे ब्रोकर टाकतात ना, "ओन्ली व्हेज फॅमिली", त्यात नको कोण ते लिहिलेलं नसतं, पण ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळतं. आणि घरं कमी का पडली, कुणी बांधली नाहीत, हा प्रश्न जाहिरातीत येतच नाही, टंचाई जणू येणाऱ्यांच्याच बॅगेतून आली!

इथे तुला मीडियाचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल लागेल. जमैकातून आलेला माणूस, बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यासाच्या सेंटरमध्ये होता, म्हणजे लेस्टरच्या शेजारीच, आणि १९७३ मध्ये टीव्हीबद्दल त्यानं मांडलं की पाठवणारा एक अर्थ भरतो, पण बघणारा तो जसाच्या तसा घेईल, थोडी घासाघीस करेल, नाहीतर साफ उलटा लावेल. लेस्टरात हसत हसत सांगतात की त्या जाहिरातीमुळेच अनेकांना लेस्टर नावाचं गाव आहे हे कळलं. "येऊ नका" वाचून लोक आले, हॉलचं उदाहरण आयतंच मिळालं की.

पण थांब, इथेच घसरशील. गोष्ट फारच गोंडस आहे, म्हणून तर ती इतकी फिरते. १९७२ च्या आधीपासून केनियातून आलेली कुटुंबं तिथे होती, होजिअरीच्या कारखान्यांत कामं मिळत होती, आणि काकाचं पत्र असेल तर जाहिरातीला कोण विचारतं? आपण मीडियावाले ना, सगळं मीडियानंच घडवलं असं धरून चालतो. (मीही याच रोगाचा जुना पेशंट.)

दुसरी गोंडस गोष्ट तुला लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिसेल. दिवाळीचे दिवे, साड्यांची दुकानं, सोनारांच्या काचा, गरम जिलेबी. "नको म्हटलं होतं त्यांनीच शहर वर आणलं" हा सूर पेपरांत त्या हकालपट्टीच्या दर वर्धापनदिनाला येतो. खोटा नाहीये तो. पण त्यात लेस्टरच्याच टाइपरायटर कारखान्यातला १९७४ चा संप कुठेय ते शोध. संपावर गेलेल्यांत युगांडाहून आलेले भरपूर, बायकाही भरपूर, भांडण बोनसचं आणि वागणुकीचं, आणि त्यांच्याच युनियननं त्यांना अधिकृत पाठिंबा दिला नाही. पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. दुकान टाकलेला काका दिव्यांच्या फोटोत मावतो, मशीनवरची मावशी नाही मावत. माझ्या मते तुझा खरा विषय हाच आहे, जाहिरात हा नुसता दरवाजा.

म्हणून आर्काइव्हमध्ये गेलीस की नुसतं कात्रण कापून आणू नको, अख्खं पान बघ, शेजारी कुठली बातमी आहे, खाली कशाची जाहिरात आहे. आणि तिथल्या बायकांशी बोलशील तेव्हा आधी जाहिरात काढून दाखवू नको, त्यांना काय आठवतं ते विचार, नाहीतर तुला हवं तेच उत्तर मिळेल.

रविवारपर्यंत नवीन दोन पानं पाठव. पहिल्या पानावर "बहुसांस्कृतिकता" दिसली तर न वाचता परत पाठवीन, आत्ताच सांगून ठेवतो.