दूधसागरचा धबधबा आणि रेल्वेपूल एचओ मापात (रेल्वे मॉडेलच्या १:८७ मापात) घरी कसा करावा?

आधी उंचीचा हट्ट सोडा. दूधसागर सुमारे ३१० मीटर. १:८७ मापात तो सुमारे ३.६ मीटर होतो, म्हणजे छपराला भोकच! पुलाजवळचा टप्पा तेवढा करा. डोंगराला चवथीच्या मखराचा उरलेला थर्माकोल चालतो, पण सॉल्व्हंटवाला गोंद नको, तो थर्माकोल खातो. फेव्हिकॉल बरा. वर प्लास्टरच्या पट्ट्या. आपल्या पावसात त्या लवकर सुकत नाहीत. मी घाईने रंगवलं, डोंगराला बुरशी आली. पाण्यासाठी पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकवर पसरून टूथपिकने उभ्या रेघा ओढा, सुकल्यावर सोलून कड्याला चिकटवा आणि कोरड्या ब्रशने पांढरा अ‍ॅक्रिलिक फिरवा. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) लाल भुकटी रुळांच्या कडेलाच टाका. खाली खडी करडीच हवी.