कॅलिफोर्नियात घरामागच्या जागेत आईवडिलांसाठी स्वतंत्र छोटे घर (एडीयू) बांधायचे असल्यास कोणत्या परवानग्या लागतात?

आपले घर जुने आहे, मागे मोकळी जागा आहे आणि वर्षातले काही महिने येऊन राहणाऱ्या आईवडिलांसाठी तेथे एका बेडरूमचे घर बांधायचे आहे, असे आपण लिहिले आहे. याच कारणासाठी मी तीन वर्षांपूर्वी असे घर बांधले. त्या अनुभवावरून सांगतो की परवानगीची बाजू आता लोक धास्तावतात तितकी अवघड राहिलेली नाही. काम अडते ते बहुधा जमिनीखाली.

राज्याच्या कायद्याने शहरांचे अधिकार बरेच आवळले आहेत. शेजाऱ्यांच्या हरकती ऐकण्यासाठी जाहीर सुनावणी होत नाही; अर्ज नियमांत बसत असेल तर तो मंजूर करावाच लागतो, आणि तोही परिपूर्ण अर्ज हाती आल्यापासून 60 दिवसांत. 800 चौरस फुटांपर्यंतचे, 16 फूट उंचीचे आणि बाजूच्या व मागच्या हद्दीपासून 4 फूट आत असलेले घर, प्लॉटवर आधीच बांधकाम जास्त झाले आहे असे कारण दाखवून नाकारता येत नाही. सार्वजनिक वाहतूक अर्ध्या मैलाच्या आत असेल तर वेगळे पार्किंग मागता येत नाही, आणि सोसायटीलाही अशा घरांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घर 750 चौरस फुटांच्या आत असल्यास इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार धरून घेतले जाणारे शुल्क, माफ असते; अनेक नकाशांवर 749 हा चमत्कारिक आकडा दिसतो तो त्यामुळेच.

मात्र ‘परिपूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. स्थलदर्शक नकाशा, पायाचे आणि सांगाड्याचे स्ट्रक्चरल गणित, ऊर्जाविषयक हिशोब यांपैकी काहीही अपुरे असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. माझा दोनदा आला, आणि दोन्ही वेळा उशीर शहरापेक्षा माझ्या ड्राफ्ट्समनकडे झाला. शहराने आधीच मंजूर करून ठेवलेल्या तयार नकाशांपैकी एखादा चालत असेल तर ही मुदत 30 दिवसांवर येते, म्हणून नवा नकाशा काढून घेण्यापूर्वी ती यादी अवश्य पाहावी.

4 फुटांच्या सवलतीतही एक मेख आहे. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून 5 फुटांच्या आत आली की ती एक तास आग थोपवणारी असावी लागते आणि तिच्यातल्या खिडक्यांच्या क्षेत्रफळावर मर्यादा येते. मूळ घराला स्प्रिंकलर नसतील तर नव्या घरालाही ते सक्तीचे नसतात, म्हणजे जुन्या घरामागे बांधणाऱ्या बहुतेकांना ही अट लागू पडते. आम्ही 4 फुटांखेरीज आणखी एक फूट जागा सोडली आणि आईला हवी तेवढी मोठी खिडकी मिळाली.

आता जमिनीखालचे. मागच्या कुंपणालगत अनेकदा वीज किंवा सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेला पट्टा, म्हणजे ईझमेंट, असतो. त्यावर बांधता येत नाही आणि राज्याची कोणतीही सवलत तेथे उपयोगी पडत नाही, म्हणून टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी आणि तिच्यावरचे इतरांचे हक्क दाखवणारा अहवाल, आधी काढावा. त्यानंतर प्लंबरकडून सांडपाण्याच्या पाइपमध्ये कॅमेरा घालून घ्यावा. आमचा पाइप जुना, भाजलेल्या मातीचा निघाला. पडद्यावर सांध्यासांध्यांतून आत शिरलेली झाडाची मुळे केसांच्या गुंत्यासारखी दिसत होती, आणि तो रस्त्यापर्यंत बदलावा लागला. उताराचे गणितही येथेच करून घ्यावे. दर फुटामागे पाव इंच उतार धरला तर 80 फूट लांबीच्या पाइपला 20 इंच खोली लागते. जुना पाइप तितका खोल नसेल तर पंप बसवावा लागतो, आणि वीज गेली की पंपही थांबतो. विजेचे पॅनेल 100 अँपिअरचे असेल तर ते वाढवण्याची तयारी ठेवावी आणि वीज कंपनीकडे अर्ज अगदी सुरुवातीलाच करावा, कारण शहराची 60 दिवसांची मुदत त्या कंपनीला लागू नसते. नव्याने बांधलेल्या स्वतंत्र घराला सौर पॅनेलही सहसा बंधनकारक असतात.

आईवडील भारतात असताना घर भाड्याने देण्याचा विचार असेल तर एकेका रात्रीच्या पाहुण्यांवर विसंबू नये; 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. मालमत्ता कर वाढतो, पण तो नव्या बांधकामाच्या मूल्यापुरता. जुन्या घराचे मूल्यांकन त्यामुळे नव्याने होत नाही.

राहिला कंत्राटदार. त्याचा परवाना राज्याच्या कंत्राटदार परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा. करारावर सही करताना तो 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच आगाऊ घेऊ शकतो. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कंत्राटदाराने 20 टक्के मागितले होते; मी त्याला चहा पाजून परत पाठवले.