पालाश, पळस आणि पोत्यातलं मीठ

प्रश्न असा : खताच्या पोत्यावर 'नत्र, स्फुरद, पालाश' (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) छापलेलं असतं. यातल्या पालाशचा पळसाशी संबंध आहे, की पोटॅशलाच ओढूनताणून संस्कृत कपडे चढवलेत?

मला दोन्ही खरं वाटतं. आधी काना बघा. पलाश म्हणजे पळसाचं झाड आणि पालाश म्हणजे पळसाचं. शिवाचा तो शैव, तसं. मनुस्मृतीत ब्राह्मण बटूच्या दंडाबद्दल 'बैल्वपालाशौ' म्हटलंय, म्हणजे बेलाचा नाहीतर पळसाचा. शब्द जुनाच, खताच्या दावणीला तो नंतर बांधला गेला. (म्हणून खताला 'पलाश' लिहू नका. ते झाड झालं.)

आयुर्वेदात पलाशक्षार आहे. पळस जाळायचा, राख पाण्यात कालवायची, पाणी गाळून आटवायचं. तळाशी उरतो तो क्षार. युरोपातही लाकडाच्या राखेचं पाणी असंच भांड्यात आटवत. 'पॉट'मधली 'ॲश', म्हणून पोटॅश. पोटॅशियमची खूण 'के' आली कॅलियमवरून; त्याच्या मुळाशी अरबी 'अल्-कली', तीही वनस्पतींची राखच! कानाला पोटॅशजवळचा आणि अर्थाने राखेजवळचा असा शब्द ज्याला सुचला, त्याला दाद द्यायला हवी.

आणि आजच्या पोत्यात? राख औषधालाही नाही. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खाणीतलं मीठ. त्याच्या खनिजाचं नाव सिल्व्हाइट. लाली येते ती त्यात मिसळलेल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. जर्मनीत श्टासफुर्टला १८५० च्या दशकात खायच्या मिठासाठी खाण खोदली, तर वरच्या थरांत कार्नालाइटसारखे पोटॅशियम असलेले कडवट क्षार लागले. त्यांना नाव पडलं 'अब्राउमझाल्त्स', म्हणजे उपसून टाकायचं मीठ. १८६१ मध्ये आडोल्फ फ्रांक या रसायनतज्ज्ञाने तिथेच पोटॅशचा कारखाना काढला आणि टाकाऊ मीठ शेतात जायला लागलं.

वापराबद्दल एक. पोत्यावरच्या १०:२६:२६ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने टक्के असतात; शेवटचा आकडा पालाशचा, पण तो पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात मोजतात. निव्वळ पोटॅशियम हवं तर ०.८३ ने गुणा, साधारण २१.६ टक्के येईल. त्यामुळे पालाश हा शब्द खताच्या हिशेबापुरता ठेवावा, आणि मूलद्रव्याला सरळ पोटॅशियम म्हणावं.