मागच्या शेतात फ्लॅट, वाहनं मात्र आमच्या गल्लीतून

प्रश्न : सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमची प्लॉटधारकांची सोसायटी आहे. रेखांकन (लेआउट) 1984 चं. मागची तीन एकर शेती एका बिल्डरने घेतली असून तिथे दीडशेच्या वर फ्लॅट होणार आहेत. त्यांची सगळी वाहनं आमच्या साडेसात मीटरच्या अंतर्गत रस्त्याने जाणार. जुन्या मालकाची इथून वहिवाट होती, असं बिल्डर सांगतो. महापालिकेने आम्हाला काहीच विचारलेलं नाही. वाहतुकीच्या मुद्द्यावर प्रकल्प थांबवता येईल का? काही सभासद रस्त्याला गेट लावा म्हणतात. – सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, ‘गर्दी होईल, मुलांना धोका आहे’ एवढ्यावर बांधकाम परवाना अडत नाही. तक्रार खरी असली तरी ती नियमाच्या भाषेत मांडावी लागते आणि नियम गाड्या मोजत नाही, रस्ता मोजतो. तेव्हा रस्ता किती रुंद आणि कोणाचा, या दोनच प्रश्नांवर सगळा जोर लावा.

आधी रुंदी. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआयवर प्रीमियम (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) आणून वाढ घेता येत नाही. उंच इमारतीसाठी तर आणखी रुंद रस्ता लागतो. म्हणून नकाशात पोहोचरस्ता किती मीटरचा दाखवलाय, ते पहिलं बघा. तिथे नऊ किंवा बारा लिहिलं असेल आणि जागेवर साडेसात भरत असेल, तर तुमचं प्रकरण तिथेच उभं राहिलं.

यावर महापालिका एक वाट काढू शकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची दोन्ही बाजूंची हद्द, ठरवून कागदावर तो रुंद करायचा. पण त्यासाठी जाहीर सूचना आणि लेखी हरकतींना एक महिना द्यावा लागतो. बांधकाम परवाना देताना शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही, त्यामुळे तुम्हाला कोणी विचारलं नाही हे बेकायदा नव्हे. नियमित रेषेच्या वेळी मात्र तुमचं ऐकावंच लागतं. पेपरातल्या जाहीर सूचनांवर एका सभासदाची नेमणूकच करा.

आता मालकी आणि वहिवाट. सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 29 सांगतं की हक्क असलेल्याला आपल्या मिळकतीत बदल किंवा भर घालून सुविधाधिकाराचा (दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्यासारख्या हक्काचा) बोजा मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही. बैलगाडी आणि उसाची ट्रॉली जाण्याची वाट दीडशे कुटुंबांच्या मोटारींची होत नाही. बिल्डर तहसीलदाराचा जुना आदेश दाखवेल, तर तो कोणत्या कलमाखालचा आहे ते पाहा. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेसाठी आहे, वसाहतीच्या पोहोचरस्त्यासाठी नाही.

मात्र हा सगळा युक्तिवाद रस्ता सोसायटीचा खासगी असेल तरच चालतो. पूर्वीच्या रेखांकन आदेशांत ‘अंतर्गत रस्ते लगतच्या जमिनींना खुले ठेवावेत’ अशी अट घातलेली सापडते, किंवा रस्ते नगरपालिकेकडे वर्गही झालेले असतात. तसं असेल तर वहिवाटीचा वाद संपला, रुंदीचा तेवढा उरतो. महापालिका झाली 1998 मध्ये. तुमचा रेखांकन आदेश त्याआधीचा, म्हणून तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बिनशेती संचिकेतही शोधा. तो हाती येईपर्यंत कोणाही वकिलाने, मीसुद्धा, ‘केस जिंकलीच’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकारात नगररचना विभागाकडे मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, पोहोचरस्त्याचा पुरावा आणि स्थळपाहणीचा अहवाल मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. तोवर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद झाली असेल तर बरंच काही घरबसल्या दिसेल. एकूण बांधकाम, तळघर आणि पार्किंग धरून, 20,000 चौरस मीटर किंवा अधिक होत असेल तर आधी पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या अर्जात वाहतुकीवरचा परिणाम मांडावा लागतो. ती मंजुरी मिळाली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत तीस दिवस. सबळ कारण दिल्यास आणखी साठ मिळू शकतात, त्यापुढे नाही.

रस्त्याची मोजणीही भूमी अभिलेखकडे भरून टाका. पण त्याआधी सभासदांची बैठक घ्या आणि कोणाचं कंपाउंड, कोणाची फुलझाडं, कोणाची गाडीची शेड रस्त्यात आली आहे ते आपसांत बोलून घ्या. मोजणीत सगळ्यांत आधी तेच उघडं पडतं आणि बिल्डरचा वकील नेमकं तेच न्यायालयापुढे धरतो.

घाई करा म्हणतो त्यालाही कायद्यातच कारण आहे. परवाना रद्द किंवा बदलण्याचा अधिकार महापालिकेला नगररचना अधिनियमाच्या कलम 51 खाली आहे, पण बांधकाम बरंच पुढे गेल्यावर तो वापरता येत नाही. नकाशात रस्त्याची खोटी रुंदी दाखवली असेल तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम 258 जोडा. आयुक्तांकडे पुराव्यासह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नगररचना अधिनियमाच्या कलम 47 चं अपील फक्त परवाना मागणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. परवान्याची वैधता दिवाणी न्यायालयात तपासायला त्याच अधिनियमाचं कलम 149 आड येतं. त्यामुळे आयुक्तांनी दाद दिली नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. खासगी रस्त्याच्या हक्काचा दावा मात्र सांगलीच्याच दिवाणी न्यायालयात. त्यात महापालिकेला पक्षकार करणार असाल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 ची एक महिन्याची नोटीस आधी द्या.

गेट लावू नका. जाण्याचा हक्क असलेल्याला अडवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गुन्हा सभासदांवरच दाखल होईल आणि मनाईहुकूम मागायला बिल्डर तुमच्याआधी न्यायालयात पोहोचेल.

बिल्डरशी बोलणीही सुरू ठेवा. त्याच्या तीन एकरांना दुसऱ्या बाजूने विकास आराखड्यातला रस्ता लागतो का, हे आराखड्याच्या नकाशावर पाहा. लागत असेल तर मुख्य प्रवेश तिकडून आणि तुमच्या बाजूला फक्त पायवाट, असा सुधारित नकाशा त्याने सादर करावा. तोंडी आश्वासनावर हरकत मागे घेऊ नका. नकाशा मंजूर होऊन प्रत हाती येऊ द्या.