यूपीआय, कार्ड मशीन की पेमेंट गेटवे? दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला काय परवडतं?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान काढताय, बाहेरगावी कुरियरही करणार, आणि मग विचारलंय, "यूपीआय फुकट असताना मशीनला आणि गेटवेला दोन टक्के का द्यायचे?" हे वाचून गप्प बसवेना. आमच्या घरात हाच प्रश्न रोज जेवताना निघायचा.

नव्या पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गल्ल्यावर माझे थोरले दीर बसतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेब आणि बँक माझ्याकडं. अण्णांचं म्हणणं एकच: जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे बँक कापते ते कमिशन, शून्य, मग दुसरं ठेवायचंच कशाला? शून्य आहे, खरंय. रूपे सोडून बाकीच्या डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, वर असेल तर ०.९०. क्रेडिट कार्डाला आणि गेटवेला (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी कंपनी) साधारण दोन टक्के, शिवाय त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०,००० च्या विक्रीमागं २३६ रुपये. हा आकडा अण्णा असा सांगायचे की जणू ते पैसे मी माहेरी पाठवतेय.

मी दोनच गोष्टी मागत होते. क्यूआरचं खातं वेगळं ठेवा, ज्यातून सुताचे आणि मजुरीचे पैसे जातात त्यात ते मिसळू नका. आणि बाहेरगावच्या अनोळखी ऑर्डरी गेटवेच्या लिंकवरून घ्या. अण्णा म्हणायचे, "क्यूआरचा फोटो पाठवायचा, पैसे आले की माल टाकायचा. लिंकबिंक कशाला?"

दिवाळीच्या तोंडावर परराज्यातून फोन आला, लॉजसाठी चादरी पाहिजेत म्हणून. ३८,४०० रुपये यूपीआयनं दोन टप्प्यांत आले. बिल केलं, ट्रान्सपोर्टला गठ्ठे टाकले, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, व्हॉट्सॲपवर पाठवली. पुढं एका शनिवारी टॉवेलांना शिलाई मारणाऱ्या बायकांचे पैसे टाकायला बसले, तर एकही ट्रान्स्फर होईना. बँकेत गेल्यावर कळलं की खातं गोठवलंय. कुणाची तरी फसवणूक झाली होती, आमच्याकडं आलेले पैसे त्याचेच होते, त्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, आणि पोलीस पैशाचा माग काढत आमच्या दारात पोचले होते. बँकेचं एकच पालुपद, "वरून आदेश आहे, तपास अधिकाऱ्याचं पत्र आणा." बरं, अडवले ते फक्त ३८,४०० नाहीत, सगळंच खातं. पैसे आत येत होते, बाहेर जात नव्हते. काउंटरवरचा डबा दिवसभर "रुपये प्राप्त झाले" ओरडतोय आणि पायरीवर बायका मजुरीसाठी थांबल्यात, असा तमाशा. शेवटी अण्णांनी शेजारच्या दुकानातून रोख उसनी आणली.

त्यानंतर बिल, बिल्टी, व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं मी त्या पोलिसांना मेल करत राहिले, फोन करत राहिले. पत्र आलं, पण दिवाळीचा सीझन गेल्यावर. अण्णा अजून त्याला साडेसाती म्हणतात. साडेसाती कसली? सगळा पैसा एका खात्यात होता, बस. लिंकवरून पैसे घेतले असते तर भांडण बहुतेक त्या एका व्यवहारापुरतं राहिलं असतं. त्याचे ९०० रुपये लागले असते. आता दुसरं खातं उघडलंय, आणि ही युक्ती आपली असं अण्णा पेठेत सांगत फिरतात.

तर तुमचं. काउंटरवर यूपीआयच ठेवा, चटणीच्या पाकिटाला कार्ड कोण काढतंय? आवाजाच्या डब्याचं महिन्याचं भाडं खुशाल भरा. गिऱ्हाईक दाखवतं त्या स्क्रीनवर माल देऊ नका, खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप निघालीत. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर स्टॉल लावणार असाल तर नेटवर्क गर्दीत गुदमरतं, तेव्हा स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पाकीट सोडू नका. जीएसटीला घाबरून क्यूआर उतरवायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून आमच्या लाइनीत हेच चाललंय. राज्यातल्या राज्यात विकत असाल तरी मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी करायचीच, रोख घ्या नाहीतर यूपीआय.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर ओळखीच्या दुकानात यूपीआय, न बघितलेल्या वेबसाइटवर क्रेडिट कार्ड. कार्डावर माल आला नाही तर बँकेकडं वाद घालता येतो. यूपीआयला आपणच पिन टाकून पाठवलेला पैसा परत आणायचा म्हणजे १९३० आणि नशीब. पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला पाहिजेत, नाहीतर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. हे बँक आपणहून सांगत नाही, मागा.

गेटवे म्हणजे काही देव नव्हे. पैसे एक-दोन दिवसांनी हातात येतात, नव्या दुकानाचे कागद पुरे होईपर्यंत अडकवूनही ठेवतात. कार्डवाल्यानं माल मिळालाच नाही म्हटलं तर कुरियरची पावती तुम्हाला दाखवावी लागते, ती जपा. वेगळं खातंही पोलादी नाही, पैसा पुढं सरकवला तर माग पुढच्या खात्यापर्यंत येऊ शकतो. आणि फक्त हातगाडीवर पाकिटं विकणार असाल तर माझं वरचं निम्मं विसरा, एक क्यूआर लावा आणि धंदा करा. कुरियर करणार म्हणताय म्हणून सांगते, गेटवेवाले चालू खातं, पॅन आणि खायचा माल म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, कागद मागतात. तो नसेल तर आधी तो काढा, तसाही तो लागतोच.