घरी ३ किलोवॉटचं सोलर आहे, गाडी रोज ४० किलोमीटर चालते. इलेक्ट्रिक कार रात्री चार्ज केली तर चालेल का?

हो, चालेल, फक्त नेट मीटर (ग्रीडला दिलेली आणि ग्रीडमधून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसवलेला हवा. महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात, म्हणजे तुमचे झाले १२. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये ६-७ किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही ४० किलोमीटरला ७ युनिट पुरतात. उरलेल्या ५ युनिटांत घर भागत असेल तर पॅनेल वाढवायची गरज नाही. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते आणि रात्री गाडीने ओढलेले युनिट बिलात त्यातून वजा होतात, त्यामुळे वीज साठवायला घरी महागडी बॅटरी घेऊ नका. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं, आणि मार्चअखेरपर्यंत जमा झालेले युनिट पुढच्या आर्थिक वर्षात जात नाहीत, फक्त एप्रिल-मेमध्ये उरलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात, तेव्हा जून ते सप्टेंबरचं बिल थोडं वाढू शकतं असं धरून चाला.

एक मात्र लक्षात ठेवा: लाइट गेली की ऑन-ग्रीड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घराला आणि ग्रीडला जोडणारं यंत्र) सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, मग भर उन्हातही गाडी चार्ज होणार नाही. आणि चार्जरला १५ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, मीटरपासून वेगळी वायर आणि नीट अर्थिंग द्याच. एक्स्टेंशन बोर्डवर तासन्‌तास चार्जिंग केल्याने वायर तापून आग लागू शकते.