फायर, सॅक, टर्मिनेट आणि ले-ऑफ यांत फरक काय? मुलाखतीत कोणता शब्द वापरू?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्ट बंद पडला म्हणून तुमची नोकरी गेली आणि मुलाखतीत तुम्ही 'आय वॉज फायर्ड' म्हणालात. तिथेच गडबड झाली. भोसरीच्या एका कारखान्यात कामगार विभागात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं सांगतो.

फायर आणि सॅक हे दोन्ही बोलीतले शब्द. पहिला अमेरिकेकडचा, दुसरा इंग्लंडचा. आपल्याकडचं 'नारळ दिला', 'डच्चू दिला' हे त्याच्या जवळचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यानेच काहीतरी केलं असणार. डिसमिस म्हणजे बडतर्फ, ती शिक्षाच. सरकारी खात्यात तर रिमूव्ह आणि डिसमिस यांतही फरक असतो: सेवेतून काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचा रस्ता उघडा राहतो, बडतर्फ झालेल्याला सहसा नाही. टर्मिनेट हा पत्रातला कोरडा शब्द. कारण काहीही असू शकतं, म्हणून ऐकणारा वाईटच धरून चालतो.

खरा घोळ ले-ऑफचा. आमच्याकडे ऑर्डरी आटल्या की फलकावर लागायचं, 'सोमवार ते बुधवार ले-ऑफ'. म्हणजे घरी बसा, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतील, गुरुवारी हजर व्हा. हजेरीपटावर नाव तसंच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ले-ऑफ हाच. कायमचं कमी करण्याला त्यात रिट्रेंचमेंट म्हटलं होतं: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आयटीत मात्र अमेरिकी अर्थ आला, म्हणजे नोकरी कायमची गेली. हिंजवडीतल्या माझ्या भाच्याने घरी 'ले-ऑफ झाला' सांगितलं, तर त्याचे वडील (जन्मभर फिटर) शांतपणे म्हणाले, "किती दिवसांचा?"

इंग्लंडमधल्या कंपनीशी बोलत असाल तर 'आय वॉज मेड रिडंडंट' म्हणा. त्यात जागाच उरली नाही असा अर्थ येतो, माणसाला बोल लागत नाही.

स्वतःहून सोडली असेल तर रिझाइन. 'क्विट' मित्रांत ठीक. आपलं 'पेपर टाकला', म्हणजेच 'आय पुट डाउन माय पेपर्स', भारताबाहेर पटकन कळत नाही. तिथे 'आय हँडेड इन माय नोटिस' म्हणतात. आणि न सांगता गायब झालेल्याला आपले एचआरवाले 'अ‍ॅब्स्काँडिंग' लिहितात. मूळ इंग्रजीत तो शब्द पैसे घेऊन किंवा पोलिसांना चुकवून पळालेल्याचा आहे, तेव्हा रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) घेतल्याशिवाय पाय काढू नका.

तुमच्या बाबतीत सरळ 'द प्रोजेक्ट वॉज क्लोज्ड अँड आय वॉज लेड ऑफ' म्हणा. 'लेऑफ्ड' नाही हं, 'लेड ऑफ'.